आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अमेरिकन नौदलाच्या जहाजावर सिगारेट ओढता येते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, पण ओढता येते. व्हेप मात्र चालत नाही. ओढणं तर सोडाच, ते खिशात ठेवता येत नाही, लॉकरमध्ये ठेवता येत नाही, चार्जिंगला लावता येत नाही. १४ मे २०१७ पासून हा हुकूम लागू झाला, आणि तो खलाशापासून जहाज बघायला आलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना आहे.

आता हे वाचून सरळ डोक्याच्या माणसाला काय वाटेल? की नौदलाच्या डॉक्टरांनी तपासलं, व्हेप सिगारेटहून वाईट निघालं, म्हणून बंद केलं. तसं काहीही नाहीये. फुप्फुसांचा या हुकुमाशी काडीचा संबंध नाही. किस्सा वेगळाच आहे आणि तो मला गेले काही वीकेंड पुरून उरलाय. आज लिहून टाकतो.

सॅन डिएगोत शेजारी नौदलातला निघणं म्हणजे पुण्यात शेजारी आयटीवाला निघण्यासारखं आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये असाच एक आहे. वय बावीस. मिडवेस्टमधल्या कुठल्याशा मक्याच्या गावचा. संध्याकाळी त्याच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत आंब्याचा वास येतो (हापूसशी या आंब्याचं दूरचंही नातं नाही, आधीच सांगतो). कॅलिफोर्नियात फ्लेवरवाल्या व्हेपची दुकानातली विक्री डिसेंबर २०२२ पासून बंद आहे. तरी हा आंबा येतो कुठून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. शेजारधर्म.

त्याच्याशी पहिल्यांदा हा विषय निघाला तेव्हा मी विचारलं, "जहाजावर गेल्यावर काय करतोस रे याचं?" तो म्हणाला, "घरी ठेवून जातो. त्यांना माझ्या फुप्फुसाची काळजी नाही, त्यांना जहाजाची काळजी आहे." आणि हसला. कडवटपणा वगैरे काही नव्हता. 'ऑफिसचा एसी सर्व्हरसाठी असतो, आपल्यासाठी नाही' हे आपण ज्या सुरात म्हणतो, तोच सूर.

तर बॅटरी. सगळा खेळ बॅटरीचा आहे.

ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ या नऊ महिन्यांत नौदलाच्या सुरक्षा केंद्राकडे व्हेप पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या १२ घटनांची नोंद झाली. त्याआधी एकही नव्हती. १२ पैकी ७ जहाजांवरच्या होत्या. ८ वेळा ते यंत्र खिशात असताना पेटलं, म्हणजे भाजली ती मांडी. दोघांच्या तोंडातच फुटलं, चेहरा आणि दात गेले. किमान दोनदा तर विझवायला जहाजावरची आग विझवण्याची साधनं बाहेर काढावी लागली.

बारा हा आकडा ऐकून माझ्यातला सपोर्ट इंजिनिअर हसतो. सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं असलेल्या संस्थेत नऊ महिन्यांत बारा? आमच्याकडे एवढ्या युजर्समागे नऊ महिन्यांत बारा तिकिटं आली तर मॅनेजर स्वतःच्या खिशातून पार्टी देईल. पण तिकिटं मोजून रिस्क कळत नाही, प्रत्येक तिकिटात काय जळू शकतं ते बघावं लागतं. म्हणून थोडं इंजिनिअरिंग. कंटाळू नका, बारावीच्या पुढे जात नाही :)

त्या काळातल्या मोठ्या व्हेपमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचा सेल असायचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आपल्या टॉर्चच्या सेलचा थोरला भाऊ. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरी पॅकमध्ये असेच सेल ओळीने बसवलेले असत. पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. आता हौशी व्हेपवाले जास्त धूर निघावा म्हणून तारेची कॉइल स्वतः गुंडाळायचे आणि तिचा रेझिस्टन्स जितका कमी तितकी फुशारकी जास्त. समजा ०.२ ओहम. ओहमच्या नियमाने करंट झाला २१ अँपिअर, आणि पॉवर ८८ वॅट. घरातला एलईडी दिवा ९ वॅटचा असतो हो! बोटाएवढ्या सेलमधून दहा दिव्यांची पॉवर, तीही तोंडापासून चार इंचांवर. आणि जी 'मेकॅनिकल' प्रकारची यंत्रं होती त्यांत मध्ये सर्किट म्हणून नसायचंच. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला. बटण अडकलं, कॉइल शॉर्ट झाली, तर थांबवणारं कोणी नाही.

खिशातल्या भाजण्याचं कारण आणखी साधं आहे. या सेलचा वरचा ठिपका पॉझिटिव्ह, आणि बाकीचं अख्खं धातूचं अंग निगेटिव्ह. दोघांच्या मध्ये काय? प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन. जास्तीचा सेल त्याच खिशात टाकायचा, त्यात किल्ल्या, चिल्लर. वेष्टन जरासं फाटलं आणि किल्ली आडवी पडली की झालं. आत उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, तिने आणखी उष्णता. एकदा हा फेरा सुरू झाला की सेल स्वतःच स्वतःला जाळतो. आतलं द्रावण ज्वलनशील, आणि कॅथोडमधून ऑक्सिजनही सुटतो. त्यामुळे वरून घोंगडी टाकून आग कोंडण्याचा आपला जुना उपाय इथे चालत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने जुलै २०१७ मध्ये देशभरातल्या अशा १९५ घटना मोजल्या होत्या, २००९ ते २०१६ मधल्या. त्यांचं निरीक्षण असं की नळकांड्याच्या आकारामुळे सेलचं एक टोक सुटतं आणि यंत्र रॉकेटसारखं उडतं.

"मग माझ्या लॅपटॉपमध्येही लिथियमच आहे की," आमचा शेजारी म्हणाला. बरोबर आहे. पण लॅपटॉपमध्ये सेलवर पहारा करणारं सर्किट असतं, सेल बाहेर काढून कोणी खिशात टाकत नाही, आणि लॅपटॉप कोणी तोंडात धरत नाही.

आता ही आग जहाजावर लागली असं धरा. जमिनीवर आग लागली की आपण जिन्याने खाली पळतो आणि बंब येतो. समुद्रात खाली पाणी आणि बंब म्हणजे तुम्हीच. २९ जुलै १९६७ रोजी फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एक रॉकेट चुकून सुटलं, इंधन पेटलं, बॉम्ब तापून फुटले आणि १३४ जण गेले. त्या आगीची फिल्म पुढे वर्षानुवर्षे नवीन भरती झालेल्यांना दाखवत आले आहेत. आणि अगदी आमच्या गावातलं उदाहरण म्हणजे बोनोम रिशार. जुलै २०२०, सॅन डिएगोच्याच धक्क्याला बांधलेलं जहाज, शेजारी अख्खं शहर, तरी चार दिवसांहून जास्त जळत राहिलं आणि शेवटी भंगारात काढावं लागलं. एका खलाशावर आग लावल्याचा खटला झाला, २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या खटल्यात बचाव पक्षाने ज्या इतर शक्यता मांडल्या, त्यांत लिथियम बॅटरीही होत्या.

हे सगळं वाचल्यावर मला तो हुकूम शंभर टक्के पटतो. मी त्या ठिकाणी असतो तर मीही हेच केलं असतं.

फक्त एक प्रश्न उरतो.

मे २००८. जॉर्ज वॉशिंग्टन हे अणुशक्तीवर चालणारं विमानवाहू जहाज दक्षिण अमेरिकेला वळसा घालून इकडे येत होतं. वाटेत आग लागली. ३७ खलाशी जखमी झाले, नुकसान ७ कोटी डॉलरच्या घरात, दुरुस्तीसाठी जहाज सॅन डिएगोत अडकून पडलं, कॅप्टन आणि त्याच्या खालचा अधिकारी दोघांना पदावरून काढलं. चौकशीत कारण काय निघालं? भलत्या जागी साठवलेलं कंप्रेसरचं तेल, आणि भलत्याच जागी कोणीतरी ओढलेली सिगारेट.

म्हणजे सिगारेटने आख्खं अणुशक्तीचं जहाज पेटवून दाखवलं, आणि सिगारेट राहिली. व्हेपने बारा जणांना चटका दिला, आणि व्हेप गेलं!

(मला माहितीये, युक्तिवाद असा की सिगारेट ठरलेल्या जागी ओढली तर सुरक्षित आहे आणि व्हेप खिशात नुसतं असलं तरी धोकादायक. मान्य. पण माणसं ठरलेल्या जागीच ओढत असती तर २००८ घडलंच नसतं ना.)

सिगारेटला हे अभय कुणी दिलं हे शोधायला जुन्या काळात जावं लागतं. सैनिकाला सिगारेट लागली नाही, सरकारने लावली. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये अमेरिकन सैनिकाच्या रोजच्या शिध्यात तंबाखू आली. दुसऱ्या महायुद्धात जेवणाच्या पाकिटातच चार सिगारेटी. बिस्किटं, डबाबंद मांस, कॉफी, च्युइंगगम, आणि चार सिगारेटी. कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे पाकिटात सिगारेट. ती निघाली १९७५ मध्ये. आणि लक्षात घ्या, तंबाखूने कॅन्सर होतो हे अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलने १९६४ मध्येच अहवालात छापलं होतं. म्हणजे पुढची अकरा वर्षं सरकारचा एक हात इशारा छापत होता आणि दुसरा पाकीट भरत होता.

नंतर नियम यायला लागले, पण प्रत्येक नियमाच्या पायात कोणीतरी पाय घातला. १९९३ ची गोष्ट तर मला सिनेमासारखी वाटते. थिओडोर रूझवेल्ट या विमानवाहू जहाजाचा कॅप्टन स्टॅनली ब्रायंट. त्याने जाहीर केलं की माझं जहाज पूर्ण धूरमुक्त. जहाजावरच्या दुकानातली सिगारेट विक्रीही बंद. समुद्रात कॅप्टनचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असं आपण ऐकलेलं असतं. इथे थेट काँग्रेस (तिकडची संसद, आपला पक्ष नव्हे) मध्ये पडली आणि जहाजावरच्या दुकानात तंबाखू विकलीच पाहिजे असा कायदा झाला. विमानं कुठे उडवायची ते कॅप्टनने ठरवायचं, सिगारेट कुठे विकायची ते संसदेने!

२००९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला, टप्प्याटप्प्याने पुढच्या वीसेक वर्षांत सैन्य तंबाखूमुक्त करा. तेव्हा इराक आणि अफगाणिस्तान दोन्ही चालू होतं. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांच्या वतीने सांगण्यात आलं की लढणाऱ्या सैनिकांवर ही बंदी लादणार नाही, त्यांच्यावर आधीच ताण पुष्कळ आहे. हा मुद्दा ऐकायला माणुसकीचा आहे आणि तो खोटाही नाही. आठ-आठ महिने तंबूत काढणाऱ्याला आपण एसीत बसून 'सोड रे' म्हणणं सोपं असतं. पण निकोटिनचा ताण निकोटिनच देतं आणि निकोटिनच घालवतं, हेही तितकंच खरं. सावकारासारखं.

२०१४ मध्ये नौदलाचे सचिव रे मेबस यांनी तळांवर आणि जहाजांवर तंबाखूची विक्री थांबवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हाही खासदार आडवे आले. त्यात पुढे होते डंकन हंटर. स्वतः मरीन, इराक-अफगाणिस्तान करून आलेले, आणि मतदारसंघ आमच्याच सॅन डिएगो परिसरातला. यांचं नाव मुद्दाम लिहितोय, कारण व्हेपच्या इतिहासात यांचं एक पान आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये संसदेच्या समितीत विमानात व्हेप बंद करण्याची दुरुस्ती चर्चेला होती. हंटरसाहेबांनी बोलता बोलता खिशातून व्हेप काढलं, झुरका घेतला आणि समितीच्या देखत वाफेचा ढग सोडला. म्हणाले, यानेच माझी सिगारेट सुटली. व्हिडिओ जरूर शोधून बघा. शेजारी बसलेल्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा आहे.

पण असा एखादा हंटर सोडला तर व्हेपच्या पाठीशी कोणी नव्हतं. ना शंभर वर्षांची परंपरा, ना शिध्यातली जागा, ना आजोबांचे युद्धातले फोटो ओठात सिगारेट असलेले. त्यामुळे नौदलाच्या दोन ताफ्यांच्या प्रमुखांनी १४ एप्रिल २०१७ ला हुकूम जाहीर केला आणि बरोबर एका महिन्याने तो लागू झाला. संसदेत कोणी आवाज केला नाही.

पाणबुडीचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघा. पाणबुडीत डेकखाली सिगारेट बंद झाली ती ३१ डिसेंबर २०१० पासून, आणि ती बंदी खरोखर फुप्फुसांसाठी होती. बंद डब्यात न ओढणाऱ्यांच्याही शरीरात निकोटिन सापडत होतं. घोषणा केली एप्रिल २०१० मध्ये. आठ-नऊ महिने तयारीला दिले, सोडणाऱ्यांना पॅच आणि निकोटिनचं च्युइंगगम दिलं. म्हणजे नौदलाला हे जमत नाही असं नाही. माणूस सोडवायचा असेल तर कसा सोडवतात हे त्यांना नीट माहिती आहे. २०१७ मध्ये माणूस सोडवायचा नव्हता, बॅटरी उतरवायची होती. ती उतरवली.

आणि तिथेच आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं.

कारण व्हेपवाले कोण आहेत बघा. २०१९ च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या शंभरातल्या साधारण २७ मुलांनी गेल्या महिनाभरात व्हेप ओढल्याचं सांगितलं होतं. त्याच वर्षी फुप्फुसं निकामी होण्याची ती भयंकर लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात आणि ६८ मृत्यू (त्यात मुख्य आरोपी गांजाच्या अर्काच्या काड्यांमधलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट निघालं). लष्कराला याची झलक आधीच मिळाली होती. २०१८ च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलिनात फोर्ट ब्रॅग आणि कॅम्प लजून परिसरात सुमारे ६० सैनिक आणि मरीन 'सीबीडी तेल' म्हणून विकलेलं भलतंच काहीतरी व्हेपमधून ओढून दवाखान्यात पोचले होते. सप्टेंबर २०१९ संपता संपता लष्कर आणि हवाई दलाच्या कँटीन-दुकानांनी व्हेप शेल्फवरून उतरवलं. सिगारेट अर्थातच शेल्फवर राहिली. २० डिसेंबर २०१९ ला देशभर तंबाखू आणि व्हेपच्या खरेदीचं वय २१ झालं. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्येच २१ केलं होतं तेव्हा सैनिकांना १८ ची सवलत ठेवली होती. नव्या कायद्यात तीही नाही. म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला तोफेवर उभं करता येतं, सिगारेट विकता येत नाही. यावर सैनिकांमध्ये काय विनोद होत असतील ते मी लिहायला नको.

तर माझा शेजारी त्या शंभरातल्या २७ मधला. शाळेच्या बाथरूममध्ये सुरुवात. मग अठराव्या वर्षी नौदल, शिकागोजवळच्या ग्रेट लेक्सला प्रशिक्षण. तिथे दहा आठवडे तंबाखू, व्हेप, काहीही नाही. "पहिला आठवडा डोकं फुटायचं बाकी होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या आठवड्यात विसरलोसुद्धा."

हे वाक्य मला फार लागलं. सगळ्यात अवघड काम झालं होतं. शरीरातून निकोटिन गेलं होतं, सरकारी खर्चाने. मग?

"मग पुढच्या ट्रेनिंगला गेलो. तिथे स्मोक पिट होतं."

स्मोक पिट म्हणजे तळावरची ओढण्याची ठरलेली जागा. एखादं छप्पर, दोन बाकं, राखेचा डबा. पण तिचं खरं काम वेगळं आहे हे आपल्याला कोणी समजवायला नको. हिंजवडीच्या टपरीवर कोणाचं प्रमोशन अडकलं, कोणता प्रोजेक्ट गुंडाळणार, हे मेल येण्याआधी कळतं की नाही? तसंच. स्मोक पिटमध्ये वरच्या हुद्द्याचा माणूस खालच्याशी जरा सैल बोलतो. बदली कुठे, जहाज कधी निघणार, कोणाशी जपून राहायचं, सगळं तिथे. आणि मुख्य म्हणजे ओढणाऱ्याला ब्रेक मिळतो. न ओढणारा 'मी पाच मिनिटं नुसता उभा राहून येतो' म्हणाला तर त्याला झाडू देतात. "ज्याच्या हातात काही नाही त्याला काम मिळतं," असं तो म्हणाला. मी ऑफिसात पहिल्या वर्षी न ओढता टपरीवर चहाचे किती ग्लास रिचवलेत ते आठवलं. मला निदान चहाचं निमित्त होतं.

२०१८ च्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या आरोग्य सर्वेक्षणात शंभरातले सुमारे १६ सैनिक महिनाभरात व्हेप ओढलेले होते, सिगारेट ओढलेले सुमारे १८, आणि कुठल्या ना कुठल्या रूपात निकोटिन घेणारे ३८ च्या आसपास. या तिसऱ्या आकड्याकडे नीट बघा. व्हेप बंद केलं तरी ती माणसं या ३८ मधून बाहेर पडत नाहीत, आतल्या आत जागा बदलतात.

व्हेपबद्दल सैनिकांचं मतही एकसारखं नाही. शेजाऱ्याचा चीफ जुना माणूस, दाढेत तंबाखूची चिमूट धरून बाटलीत थुंकणारा. त्याच्या मते व्हेप ही पोरखेळाची वस्तू, फळांचा वास येणारी. सिगारेट ओढणारे म्हणतात व्हेपवाला कुठेही लपून ओढतो, आमच्यासारखं जागेवर येऊन ओढत नाही. हे मात्र खरं असावं. धूर नाही, वास पटकन जातो, पांघरुणात तोंड घालून एक झुरका घेतला तर कोणाला कळतंय? पकडलं तर हुकूम मोडल्याचं ९२ वं कलम. पगार कापला जातो, हुद्दा उतरू शकतो. तरी काही जण जहाजावर नेतात, असं तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "मी नाही."

म्हणजे गंमत बघा, हुकुमाने उघड्यावरची बॅटरी गेली, आणि जी जहाजावर पोचते ती पांघरुणात, गादीजवळ, लपवून चार्ज केलेली. सिक्युरिटीत आपण रोज हेच बघतो. पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावला की तो कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला सापडतो.

भारतातही सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून ई-सिगारेट बंद केली. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळं बंद. टपरीवरची सिगारेट सुखरूप. तेव्हा मला ते अगदी भारतीय वाटलं होतं.

आमचा शेजारी पुढच्या महिन्यात जहाजाबरोबर जातोय, सातेक महिने. सिगारेट त्याला आवडत नाही, वास कपड्यांना राहतो म्हणतो. त्यामुळे आता त्याने निकोटिनचे पाऊच धरलेत, ओठाखाली ठेवायची चहाच्या पुडीची पिल्लं. धूर नाही, थुंकणं नाही, बॅटरी नाही. जानेवारी २०२५ मध्ये यातल्या एका मोठ्या ब्रँडच्या २० प्रकारांना तिथल्या औषध प्रशासनाने विक्रीची परवानगीही दिली. पहाऱ्यावर असताना चालतं, झोपेत चालतं, चीफसमोर तोंडात ठेवून 'येस चीफ' म्हणता येतं. आधी व्हेपला निदान बाल्कनीत यावं लागायचं. आता दिवसाला किती होतात विचारलं तर तो डबीकडे बघून म्हणाला, "मोजत नाही."

मी त्याला त्या दहा आठवड्यांची आठवण करून दिली. म्हटलं, तू एकदा सोडलं होतंस. तो म्हणाला, "मी नाही सोडलं. त्यांनी काढून घेतलं होतं." मग जरा थांबून, "पण तेव्हा बरं वाटत होतं, खरं सांगतो."

मागच्या शनिवारी त्याने दार वाजवलं. फ्लॅट रिकामा करून सामान गोदामात टाकतोय. हातात ते आंबावालं यंत्र, डिस्पोजेबल, बॅटरी आतच बंद केलेली. गोदामात बॅटरी चालत नाही, जहाजावर तर नाहीच. "तुझ्याकडे ठेव," म्हणाला. मी विचारलं, परत आल्यावर देऊ की फेकू? फेकायचं तरी सोपं नाही, कचऱ्यात टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या केंद्रावर न्यावं लागतं. तो म्हणाला, "मी मागितलं तर दे. नाही मागितलं तर तू विषय काढू नकोस."

मी ते आधी किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. रात्री उठून बाहेर काढलं, आणि आता ते बाल्कनीत सावलीच्या कोपऱ्यात, मातीच्या रिकाम्या कुंडीत आहे. छोट्या स्क्रीनवर चार्ज दाखवतो, ४१ टक्के.